एकही ओरखडा नाही

थोरल्या सरांनी आयुष्यात हजारो माणसांना गाडी शिकवली होती, पण त्या सकाळी टाचणीबाईंच्या ऑफिसखाली त्यांना स्वतःची गाडी धड लावता आली नाही. मागचं चाक फुटपाथवर चढलं, ते तसंच ठेवून ते जिना चढून आले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "माझ्या मुलीनं हे केलेलं नाही."

"बसा," टाचणीबाई म्हणाल्या. "काय केलेलं नाही, ते आधी सांगा."

टाचणीबाई खासगी तपासनीस होत्या. अंगानं बारीक, जिभेनं टोकदार, आणि हाती आलेला प्रत्येक कागद भिंतीवरच्या फळीला टोचून ठेवायची सवय. नाव त्यावरून पडलं होतं. तोंडावर कुणी तसं म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

कोपऱ्यातल्या टेबलाशी त्यांचे मेहुणे बसले होते. हे मास्तर. तीस वर्षं शाळेत परदेशी भाषा शिकवून निवृत्त झालेले. घरात दिवसभर पायात पायात येतात म्हणून टाचणीबाईंच्या थोरल्या बहिणीनं त्यांना इकडे धाडलं होतं. चार भाषा येतात, पण चारीतून यांना काही कळत नाही, असं टाचणीबाई त्यांच्या देखतच म्हणायच्या. मास्तर त्यावर चष्मा पुसायचे.

थोरल्या सरांनी सांगितलेली हकीकत अशी. त्यांची एकुलती एक मुलगी चिऊ. वय एकोणतीस, सहा वर्षं हॉस्पिटलची रुग्णवाहिका चालवते. घरात अजून चिऊच म्हणतात, पण उंची सहा फुटांना जेमतेम दोन बोटं कमी. अग्निशमन दलात बंबाचा ड्रायव्हर म्हणून तिची निवड झाली होती. शहरात आजवर बंबावर बाई बसलेली नव्हती. साडेचारशे अर्जांतून ही पहिली आली, हे सांगताना सर खिडकीबाहेर बघत राहिले.

मग घोडं अडलं. दोन महिन्यांपूर्वी चिऊ परदेशी जाऊन आली होती. गाडी शिकवणाऱ्यांचं पाच दिवसांचं संमेलन होतं. सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमधून तिघं गेले: सरांची धाकटी बहीण, म्हणजे चिऊची आत्या, स्कूलमधले दुसरे शिक्षक, ज्यांना सगळे धाकटे सर म्हणत, आणि त्यांना हिंडवायला चिऊ. आता तिकडच्या गाड्या भाड्यानं देणाऱ्या कंपनीचं पत्र इथल्या लायसन्स ऑफिसात आलं होतं. चौथ्या दिवशी चिऊच्या नावावर घेतलेली गाडी एका दुकानाच्या दगडी खांबावर आदळली. बाई थांबली नाही, कुणाला कळवलं नाही, फुटलेली गाडी कंपनीच्या आवारात लावून किल्ली पेटीत टाकून निघून गेली.

"नुकसानीचं विम्यातून भागलं," सर म्हणाले. "त्यांना आपल्याकडून काही नकोय. पण शेरा बसला ना. 'अपघात करून न कळवता पसार.' बंबावर असली बाई कोण घेईल? उद्या अकरा वाजता अग्निशमन दलाच्या साहेबांसमोर तिची शेवटची सुनावणी आहे."

"आणि साहेबांचं म्हणणं काय?"

"तेच तर. त्यांनी मला कोंडीतच पकडलं." सरांनी बोटांवर मांडून दाखवलं. आपलं लायसन्स आपल्या लिपीत असतं. ते तिकडे कुणाला वाचता येत नाही. म्हणून निघण्याआधी इथूनच आंतरराष्ट्रीय परमिट काढून न्यावं लागतं, ती राखाडी पुस्तिका. त्यात फोटो, नाव, गाडीचा वर्ग, सगळं तिकडच्या भाषांत. पण नुसती पुस्तिका चालत नाही, सोबत मूळ लायसन्सही दाखवावं लागतं. दोन्ही असतील तरच गाडी मिळते. "साहेब म्हणाले, परमिट कुणी चोरलं म्हणता, मानू. पण लायसन्स? आणि चिऊ स्वतःच सांगून बसली, की लायसन्स पाचही दिवस तिच्या गळ्यातल्या पाकिटात होतं. झोपतानासुद्धा. मग काउंटरवर दुसरं कोण गेलं असणार?"

मास्तरांनी हळहळून मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण संपलं होतं.

टाचणीबाईंनी करारपत्राची प्रत मास्तरांकडे सरकवली. कागद परदेशी भाषेत होता. मास्तरांनी घसा साफ करून वर्गात वाचतात तसं वाचलं. "घेणाऱ्याचं नाव, चिऊचंच, पूर्ण. परमिटचा नंबर. वर्ग, चारचाकी. लायसन्स दिल्याची तारीख, चौदा जून दोन हजार तीन. लाल गाडी, क्लचवाली. नेली सकाळी नऊ चाळीसला, आणली साडेबाराला. सही स्क्रीनच्या काचेवर बोटानं केलीय, कोंबडीनं पाय पुसल्यासारखी. काचेवर सगळ्यांचीच तशी येते."

"नाव बघितलं आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली," सर म्हणाले. "त्यापुढे मी वाचलंच नाही."

दुसऱ्या कागदावर त्या दुकानदाराचा जबाब होता. गाडी समुद्राकाठच्या रस्त्यानं अगदी सावकाश येत होती. समोर कुत्रं आलं. कोणीही ब्रेक मारला असता. ही गाडी थांबायच्या ऐवजी एकदम उसळली आणि खांबावर गेली. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही. कुत्रं सुखरूप पळालं. चालवणारी बाई होती, टोपी आणि काळा चष्मा लावलेली, एकटी.

टाचणीबाईंनी दोन्ही कागद फळीला टोचले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"एक अट आहे," सर उठताना म्हणाले. "माझ्या बहिणीला सुनावणीचं काही कळू द्यायचं नाही. परमिटच्या कागदांची कसलीशी चौकशी आहे, एवढंच तिला सांगितलंय. चिऊनंच बजावलंय मला. आत्याच्या कानावर घातलंत तर मी सुनावणीलाच जाणार नाही, म्हणाली."

"का बरं?"

"जीव आहे तिचा आत्यावर. आई लहानपणीच गेली. आत्यानं वाढवलं, आत्यानंच गाडी शिकवली."

ड्रायव्हिंग स्कूल मोठ्या रस्त्याला लागून होतं. पुढे पटांगण, त्यात पांढऱ्या चुन्यानं आखलेला आठाचा आकडा, मागे दोन खोल्या. दारावरचा बोर्ड मास्तरांनी मोठ्यानं वाचला: "आत्याबाई शिकवतात. बावीस वर्षे. एकही ओरखडा नाही." हा बोर्ड शहरात सगळ्यांना माहीत होता. रिक्षावाले पत्ता सांगताना तोच सांगत. लायसन्स हातात पडलं त्या दिवसापासून आत्याबाईंच्या हातून गाडीला केसाएवढी रेघ गेली नव्हती, आणि घाबरणाऱ्या बायका लांबून लांबून त्यांच्याकडेच शिकायला येत.

आत भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते होते आणि मधोमध चौकटीत एक फोटो. नवंकोरं लायसन्स हातात धरून एक उंच मुलगी तोंडभर हसत होती.

"तुमची चिऊ हसते छान," मास्तर म्हणाले.

"ती माझी बहीण. बावीस वर्षांची होती तेव्हा," सर म्हणाले. "सगळे फसतात. चिऊ आत्यावरच गेलीय, तेच नाक, तीच उंची, तेच खांदे."

खरी चिऊ मागच्या खोलीत भेटली. ती हसत नव्हती. विचारलं तेवढंच बोलली. पहिले तीन दिवस तिनं विमानतळावरून घेतलेली गाडी चालवली आणि तिसऱ्या संध्याकाळी जशी घेतली तशी परत केली. चौथ्या दिवशी सकाळपासून ताप होता. गोळी घेऊन दुपारी दोनपर्यंत झोपली. परमिटं निळ्या फोल्डरमध्ये, बाहेरच्या खोलीत टेबलावर असायची. लायसन्स गळ्यात.

"तुम्हीही इथं शिकवता का?"

"नाही. मला धीर नाही. एकदा डावीकडे बसले होते शिकवायला, दहा मिनिटांत उतरले. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपण शेजारी, हे मला जमत नाही. आत्या कशी बसते कोण जाणे."

"करारपत्र पाहिलंत?"

"पाहिलंय." चिऊनं नजर चुकवली नाही, पण हाताची घडी घातली.

"मग तुम्हाला कुणाचा संशय?"

"कुणाचाच नाही. नोकरी गेली तर गेली. रुग्णवाहिका आहेच की."

बाहेर आल्यावर मास्तर हळूच म्हणाले, की पोरगी अपराधी वाटते, स्वतःसाठी भांडतसुद्धा नाही. टाचणीबाई म्हणाल्या, "भाऊजी, साडेचारशे जणांत पहिली येणारी बाई भांडत नाही, हेच मला खटकतंय."

धाकटे सर पटांगणात टायरमध्ये हवा भरत होते. तिशीचे, गडी तगडा, मिशा भरघोस. दोन वर्षांपासून इथं शिकवत होते. तिघांची परमिटं काढायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यात त्यांनी घोळ घातला होता. स्वतःच्या अर्जात भलत्याच चौकोनात खूण केल्यामुळे त्यांच्या परमिटवर फक्त दुचाकीचा शिक्का आला होता. विमानतळाच्या काउंटरवर ते कळलं तेव्हा तिथल्या बाईनं त्यांना गाडी नाकारली. आत्या आणि चिऊ पाच दिवस त्यांना त्यावरून छळत होत्या. आत्याबाईंचं परमिट निघालंच नाही, कारण त्यांनी अर्जावर सही करायलाच नकार दिला. एवढी वर्षं गाडी शिकवतेय, मला कागद कोण विचारणार, असं त्यांचं म्हणणं.

चौथ्या दिवशी धाकटे सर संमेलनाला गेले होते, पण भाषणं ऐकून झोप यायला लागली म्हणून दहालाच सटकले आणि बाजारात भटकत राहिले. सोबत कुणी नव्हतं. बंबाच्या नोकरीसाठी त्यांनीही अर्ज केला होता, हे त्यांनी विचारल्याशिवाय सांगितलं नाही. विचारल्यावर मात्र कान लाल झाले.

"झालं," मास्तर टाचणीबाईंच्या कानाशी लागले. "फोल्डर याच्या हातात, जागा हिची, जळफळाट याचा. कुणीतरी बाई हाताशी धरली असणार."

"परदेशात, चौथ्या दिवशी, चिऊच्या तोंडवळ्याची? भाऊजी, तुमच्या या माणसाला धड आपल्या फॉर्मवर खूण करता येत नाही."

आत्याबाई तेवढ्यात एका शिकाऊ बाईला घेऊन निघत होत्या. टाचणीबाई आणि मास्तर मागच्या सीटवर बसले. शिकाऊ बाई उजवीकडे, स्टिअरिंगशी, आत्याबाई डावीकडे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण ताठ. कपाळावरचे केस पांढरे व्हायला लागलेले. मांडीवर हात ठेवून त्या शांतपणे सांगत होत्या: आता दुसरा टाका, आता सोडा हळू, छान.

चौकात समोरून सायकल आली. शिकाऊ बाई किंचाळली आणि तिनं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले. आत्याबाईंनी मानही वळवली नाही. त्यांचा उजवा पाय एकदम सरकला, पार उजवीकडच्या पेडलवर, आणि गाडी जागच्या जागी थांबली. सायकलवाला निघूनही गेला.

टाचणीबाई पुढच्या दोन सीटांमधून वाकून बघत होत्या. शिकवणाऱ्याच्या बाजूला दोनच पेडल होते, डावीकडे क्लच आणि उजवीकडे ब्रेक. ॲक्सिलरेटर फक्त शिकणाऱ्याकडे.

"बघावंसुद्धा लागत नाही तुम्हाला," टाचणीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि ते खोटं नव्हतं.

"वीस वर्षं या सीटवर बसतेय. पाय आपोआप जातो." आत्याबाई शिकाऊ बाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. चौथ्या दिवसाबद्दल त्यांनी सांगितलं, की चिऊला बरं नव्हतं, मग त्या एकट्याच समुद्रावर फिरून आल्या. पायी. त्यांच्याकडे परमिट कुठं होतं गाडी मिळायला? मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ही चौकशी नुसती कागदांचीच ना हो? मिटेल ना?"

"मिटेल," टाचणीबाई म्हणाल्या.

परतताना त्यांनी मास्तरांना एकच गोष्ट विचारली: तिकडच्या माणसानं आपल्या लिपीतला कागद हातात घेतला, तर त्याला त्यात काय वाचता येईल? मास्तर म्हणाले, "काही नाही. आकडे तेवढे. लायसन्सवर आकडे इंग्रजी छापतात, ते सगळीकडे सारखेच." टाचणीबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी मास्तरांना रस्त्यातच म्हटलं, आज तुम्ही माझ्यापेक्षा हुशार ठरलात. का, ते मास्तरांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

त्याच संध्याकाळी सहा वाजता त्यांनी सगळ्यांना स्कूलच्या खोलीत बोलावलं. चिऊ आणि थोरले सर बाकावर बसले, धाकटे सर दाराशी उभे राहिले, आत्याबाई खडूचा डबा हातात घेऊन टेबलाशी. मास्तर जिथं जागा मिळाली तिथं, म्हणजे एका बुटक्या स्टुलावर.

"थोरले सर, तुमची अट मी मोडणार आहे," टाचणीबाई म्हणाल्या. चिऊ ताडकन उठली. टाचणीबाईंनी तिला हातानंच खाली बसवलं. "आत्याबाई, उद्या अकराला चिऊची सुनावणी आहे. त्या चौथ्या दिवसाच्या गाडीमुळे तिची बंबावरची नेमणूक रद्द होणार आहे."

आत्याबाईंच्या हातातून डबा सुटला. खडू फरशीवर विखुरले. कुणी उचलले नाहीत.

"आता माझं ऐका," टाचणीबाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. "साहेब म्हणतात, परमिट आणि लायसन्स दोन्ही दाखवल्याशिवाय गाडी मिळत नाही. बरोबर आहे. काउंटरवर दोन्ही दाखवली गेली. परमिट चिऊचं होतं. लायसन्सही चिऊचंच होतं, हे कुणी सांगितलं? काउंटरवरच्या माणसाला आपलं लायसन्स वाचता येत नाही. परमिट काढायचंच मुळी त्यासाठी. त्यानं नाव परमिटवरून लिहिलं. लायसन्सवरून त्यानं काय उतरवलं असेल? जे वाचता येतं ते. आकडे."

त्यांनी फळ्यावर लिहिलं: १४-६-२००३.

"भाऊजींनी सकाळी हे थोरल्या सरांसमोर वाचलं. लायसन्स दिल्याची तारीख. चिऊ आज एकोणतीस वर्षांची आहे. दोन हजार तीन साली ती सात वर्षांची होती. सात वर्षांच्या मुलीला चारचाकीचं लायसन्स कोण देईल?"

थोरल्या सरांनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे काउंटरवर दुसऱ्याच कुणाचं तरी लायसन्स ठेवलं गेलं. अशा कुणाचं, की ज्याच्याकडे लायसन्स होतं पण परमिट नव्हतं किंवा चालण्यासारखं नव्हतं. असे दोघे. धाकटे सर त्यातले एक. पण त्या माणसाला अक्षर वाचता येत नसलं तरी मिशा दिसतात. शिवाय दुकानदारानं पाहिली ती बाई." धाकट्या सरांनी नकळत मिशीवरून हात फिरवला.

"दुसरी गोष्ट. कुत्रं आडवं आल्यावर गाडी उसळली. ब्रेक मारायला गेलेला पाय ॲक्सिलरेटरवर पडला. अशी चूक नवशिक्याची वाटते, पण नवशिक्याला परदेशात गाडी कोण देणार? तिकडे चालवणारा डावीकडे बसतो." टाचणीबाईंनी फळ्यावर तीन चौकोन काढले आणि त्याखाली दोन. "चालवणाऱ्याकडे तीन पेडल. पार उजवीकडचं ॲक्सिलरेटर. पण आपल्याकडे डाव्या सीटवर बसणाऱ्या शिक्षकाकडे दोनच. पार उजवीकडचा ब्रेक. जो माणूस वर्षानुवर्षं डाव्या सीटवर बसून दुसऱ्यांना वाचवत आलाय, त्याचा पाय संकटात विचार करत नाही. तो पार उजवीकडे जातो. आज सकाळी मी तो जाताना पाहिला, आणि माझा जीव वाचवताना पाहिला. चिऊ त्या सीटवर दहा मिनिटांच्या वर कधी बसलेली नाही. ही चूक चिऊ करूच शकत नाही. आणि चांगल्या शिक्षकाशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही."

"आणि चेहरा?" मास्तरांनी विचारलं. अजून त्यांना पत्ता लागला नव्हता.

"भाऊजी, त्या फोटोतल्या मुलीला तुम्ही चिऊ म्हणालात. आत्याबाईंच्या लायसन्सवर त्याच वयातला चेहरा आहे. काउंटरवरच्या माणसानं परमिटवरचा फोटो पाहिला, लायसन्सवरचा पाहिला, दोन्ही एकच. समोर उभी बाई त्याच उंचीची, टोपी घातलेली. त्यानं किल्ली दिली. परमिट नाही म्हणून जिच्यावर कुणीच संशय घेतला नाही, तिनं चिऊचं परमिट नेलं होतं."

आत्याबाई फोटोकडे बघत होत्या.

"चिऊला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं," टाचणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "करारावरची तारीख तिनं ओळखली. म्हणून ती भांडली नाही, आणि म्हणून तुमच्या कानावर काही जाऊ दिलं नाही."

आत्याबाई वळल्या. "चिऊ?"

"चौदा जून," चिऊ म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "दरवर्षी तू त्या दिवशी लायसन्स काढून आम्हाला दाखवतेस. मला ती तारीख माझ्या वाढदिवसापेक्षा पाठ आहे. तुझा तो बोर्ड उतरलेला मला बघवला नसता गं."

आत्याबाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, कुणाकडे न बघता. चिऊ तापानं झोपलेली. खिडकीतून तो समुद्राकाठचा रस्ता दिसायचा. "वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या शेजारी बसले. कितीजणी माझ्याकडे शिकून कुठं कुठं गेल्या. मला एकदाच स्वतः जायचं होतं, एकटीनं, लांब. परमिट काढलं नाही तो माझा तोरा. मग त्याच तोऱ्यापायी चोरी केली. आणि आदळल्यावर थांबले नाही, कारण मला समोर खांब दिसलाच नाही, आपला बोर्ड दिसला. पण यात चिऊची नेमणूक जाणार होती, हे देवाशपथ मला माहीत नव्हतं. नुसते कागद आहेत म्हणालात तुम्ही, दादा."



आत्याबाईंनी डोळे पुसले, उठल्या, आणि सरळ बाहेर गेल्या. सगळे मागोमाग पटांगणात आले. आत्याबाईंनी टायर ठेवायचं स्टूल दाराखाली ओढलं, त्यावर चढल्या आणि बोर्डाचे स्क्रू काढायला लागल्या. धाकटे सर मदतीला धावले, तर त्यांना म्हणाल्या, मीच लावला होता, मीच काढते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांच्या टेबलावर दोन वस्तू होत्या: आत्याबाईंचं लायसन्स आणि तो बोर्ड. आत्याबाईंनी उभं राहून सांगितलं, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. साहेबांनी करारपत्रावरची तारीख लायसन्सवरच्या तारखेशी दोनदा ताडली. मग चिऊला विचारलं, की हे ठाऊक असून ती गप्प का राहिली. चिऊ म्हणाली, "साहेब, तिनं मला शिकवलंय. मी तिच्याविरुद्ध बोलले असते तर ही नोकरी माझ्या अंगाला लागली नसती."

साहेबांनी तिला आधी झापलं. पुढच्या वेळी खरं लपवायचं नाही, घरच्या माणसासाठीसुद्धा नाही, असं बजावलं. मग नेमणुकीच्या कागदावर सही केली.

आत्याबाईंचं शिकवणं लायसन्स ऑफिसनं सहा महिने बंद ठेवलं. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं आणि त्या दुकानदाराची माफी मागितली. थोरले सर येईल त्याला ही गोष्ट स्वतः सांगत. सांगताना मान खाली घालत नसत. "माझ्या बहिणीनं चूक केली आणि भर ऑफिसात उभी राहून कबूल केली. माझ्या मुलीनं आत्यासाठी जीव टाकला. या दोघी माझ्या घरच्या आहेत," असं म्हणून ते दोन बोटं दाखवत. स्कूल बंद पडेल म्हणणाऱ्यांची तोंडं महिन्याभरात बंद झाली. आत्याबाईंसाठी थांबणाऱ्या बायकांची यादी भिंतीवर लावावी लागली.

सातव्या महिन्यात एका दुपारी टाचणीबाईंच्या ऑफिसखाली लाल बंब येऊन थांबला. धुऊनपुसून लखलखीत. फुटपाथपासून बरोबर वीतभर अंतरावर, सरळ रेषेत. मास्तर खिडकीतून बघतच राहिले. गणवेशातली चिऊ खाली उतरली आणि तिच्यामागून आत्याबाई. गॅरेजमधून धुऊन नेताना वाटेतच आहे म्हणून साहेबांनी पाच मिनिटं दिली होती.

आत्याबाईंनी पिशवीतून राखाडी पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. टाचणीबाईंनी ती उघडली. फोटो पांढऱ्या केसांचा, आजचा. नाव त्यांचं. चारचाकीच्या वर्गावर ठसठशीत शिक्का. मास्तरांनी परदेशी भाषेतली सगळी पानं उलटून तपासली आणि कुठंच चूक नाही असा निर्वाळा दिला.

"नवा बोर्ड पाहिलात का?" आत्याबाईंनी विचारलं. "रंगाऱ्याला म्हटलं, जुनाच लिही, फक्त ओरखड्यांचा आकडा बदल. 'बावीस वर्षे. एक ओरखडा. तो माझा.' कालच लावलाय."

टाचणीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच एक कागद फळीला टोचला नाही. दोन्ही हातांनी परत दिला. "वर्षभरच चालतं हे. जाणार कधी?"

"पुढच्या महिन्यात. तोच रस्ता. रोज संध्याकाळी पटांगणात डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी आणून तीन पेडलांची सवय करतेय. धाकटे सर शिकवतात मला," आत्याबाई हसून म्हणाल्या. "एकटीच जाणार होते. पण ही ऐकत नाही."

चिऊ दारात उभी होती, बंबाची किल्ली बोटात फिरवत.

"चालवायची तिनंच," ती म्हणाली. "मी नुसती शेजारी बसणार आहे."